वाचनालयाची वेबसाइट: अपंगांसाठी एक, मोबाईलसाठी एक, अशा वेगळ्या करायच्या का?

खडूफळा:

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी 'अ' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. त्याची वेबसाइट नव्याने करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पोटापाण्यासाठी मी दुकानांच्या साइटी करतो. वर्डप्रेस (तयार साचे वापरून साइट करायचं साधन) आणि थोडंफार हाताने लिहिलेलं सीएसएस (पानाची मांडणी सांगणारा कोड), एवढीच माझी झेप. मानधन म्हणाल तर चहा आणि वर्गणी माफ.

आत्ताची साइट जुन्या वळणाची आहे. ठरावीक रुंदीचं टेबल आणि त्यात सगळं कोंबलेलं. वर सरकती पट्टी, मधे आपोआप बदलणारे फोटो (बहुतेक सत्काराचे), डावीकडे मेनू. फोनवर उघडली तर चिमटीने मोठं केल्याशिवाय अक्षर लागत नाही. सूचना म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या बॅनरचे फोटो. ग्रंथयादी पीडीएफमध्ये आहे, तीही युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीचा एकच अक्षरसंकेत) आधीच्या फाँटात. कॉपी करून दुसरीकडे टाकली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला.

परवा कार्यकारी मंडळाची बैठक झाली. आमच्याकडे काही अंध सभासद आहेत, घरचं कुणीतरी त्यांना पुस्तकं वाचून दाखवतं. त्यांचा विषय निघाला तसे कार्यवाह म्हणाले, "अपंगांसाठी वेगळं पान करा, नुसत्या मजकुराचं. वर व्हीलचेअरचं चित्र टाकून बटण द्या." खजिनदारांचा भाचा कॉम्प्युटरवाला आहे. त्याने सांगितलं म्हणे की मोबाईलसाठी वेगळीच साइट लागते. आणि एका विक्रेत्याने अध्यक्षांना एक पट्टी दाखवून ठेवलीय. कोडची एक ओळ टाकायची, कोपऱ्यात निळा गोल येतो, त्यातून अक्षर मोठं होतं, रंग उलटे होतात आणि 'कायद्याची पूर्तता आपोआप'. वर्षाला पैसे भरायचे.

म्हणजे एकूण तीन साइटी आणि वर ही पट्टी. नंतर हे सांभाळणार कोण, तर ग्रंथपाल. त्या देवघेव बघतात, वर्गणी घेतात, शासनाचे अहवालही त्याच भरतात. त्यांच्या डोक्यावर हे ओझं टाकायचं माझ्या जिवावर येतंय. एकाच साइटीत दोन्ही कामं भागतील का? भागत असतील तर मंडळाला काय सांगून पटवू?

---

घाटमाथा:

भागतात. दोन साइटी करूच नका.

नुसत्या मजकुराचं पान सुरुवातीला उत्साहाने होतं, मग मुख्य साइट बदलत जाते आणि हे पान तिथेच राहतं. एका कार्यालयाच्या साइटवर काम करताना मी हे पाहिलंय. मुख्य पानावर चालू वर्षाची अर्जाची तारीख, 'दिव्यांगांसाठी'च्या पानावर आदल्या वर्षाची. वेगळ्या मोबाईल साइटीचंही तेच. रिस्पॉन्सिव्ह पद्धत, म्हणजे एकच पान स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलतं ती, आल्यापासून तो प्रकार मागेच पडला आहे.

मंडळासाठी मुद्दा असा. डब्ल्यूथ्रीसी ही वेबचे नियम ठरवणारी संस्था. तिने २००८ साली मोबाईल वेबच्या शिफारशीही काढल्या आणि अपंगांसाठीचे डब्ल्यूसीएजी २.० हे निकषही. दोन्ही वापरणाऱ्यांच्या अडचणी कुठे कुठे एकच आहेत, ते शेजारी शेजारी मांडून दाखवणारा मजकूरही तिने तेव्हाच तयार केला. पुढे जून २०१८ मध्ये २.१ आवृत्ती आली, तिने तर दोन्ही टोकं बांधूनच टाकली. त्यातला एक निकष सांगतो: ३२० सीएसएस पिक्सेल (वेबपानाच्या मापाचं एकक) रुंदीत पान आडवं सरकवायला न लागता वाचता आलं पाहिजे. हा आकडा आला कुठून? १२८० पिक्सेलचा स्क्रीन ४०० टक्के मोठा केला की ३२० उरतात. म्हणजे अल्पदृष्टी असलेला माणूस कॉम्प्युटरवर पान चौपट करून बघतो, तेव्हा त्याच्या वाट्याला छोट्या फोनएवढीच जागा येते. त्याच्यासाठी केलेली मांडणी फोनला चालते आणि फोनसाठी केलेली त्याला.

त्या निळ्या गोलाचं म्हणाल तर पैसे वाचवा. असल्याच पट्ट्या विकणाऱ्या एका कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. 'कोणतीही साइट आपोआप निकषांत बसते' हा दावा पुराव्याशिवाय केला म्हणून.

कायदा विचारला तर: दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यातलं ४२वं कलम माहिती-तंत्रज्ञानाबद्दल आहे. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण केवायसीचं होतं. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवायला सांगितलं जात होतं.

तेव्हा फोनवर नीट चालणारी एकच साइट करा, बाकीचं आपोआप जमतं.

---

कानसेन:

घाटमाथा यांचं शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं मान्य. आपोआप काही जमत नाही हो.

मी जन्मापासून दृष्टिहीन. बँकेत नोकरी करते. ऑफिसात कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आणि बाकी सगळा संसार अँड्रॉइड फोनवर, टॉकबॅक लावून. दोन्ही स्क्रीनवरचं बोलून दाखवतात. भाजी मागवणं, रेल्वेचं तिकीट, हा फोरम, सगळं. म्हणजे खडूफळा, तुमच्या बैठकीतली 'अपंग' पण मीच आणि 'मोबाईलवाली' पण मीच. दोन साइटी केल्यात तर मला कुठल्या दारातून आत घेणार?

वेगळं पान नको हे कार्यवाहांना एवढ्यावरूनच पटायला हरकत नाही. पण उलट्या बाजूनेही सांगते. फोनवर झकास दिसणाऱ्या साइटी मला रोज छळतात.

मी पान कसं वाचते ते आधी बघा. टॉकबॅक चालू असताना बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट बोलते, डावीकडे सरकवलं की मागची. दोनदा टॅप केलं की दाबलं जातं. तुम्हाला पान एका नजरेत दिसतं. माझ्यासाठी ते एका मागे एक लागलेलं असतं. म्हणून आम्ही मथळ्यांवरून उड्या मारतो. टॉकबॅकला 'मथळे' निवडून ठेवायचं आणि बोट खाली सरकवायचं की थेट पुढचा मथळा. आता तुम्ही 'वाचनालयाची वेळ' हे शब्द नुसते ठळक आणि मोठे केले, एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मूळ कोडमध्ये, मथळा म्हणून दिलेच नाहीत, तर माझ्या दृष्टीने त्या पानावर मथळाच नाही. मग बसा एकेक ओळ ऐकत.

आता मोबाईलचा लाडका तीन रेघांचा मेनू. पुस्तकं विकणाऱ्या एका साइटवर मागे काय झालं ते सविस्तर सांगते, कारण तुम्ही बहुधा असाच मेनू लावणार आहात. बोट कोपऱ्यात नेलं. टॉकबॅक म्हणाला, "अनलेबल्ड". बटण आहे की चित्र आहे, काही कळेना. अंदाजाने दोनदा टॅप केलं. सगळं शांत. उघडलं का? माहीत नाही. उजवीकडे सरकवलं तर 'आजची खास सवलत', म्हणजे मागचं पान. माझ्या मुलीने बघून सांगितलं, "आई, मेनू उघडलाय की, अर्धा स्क्रीन भरलाय." उघडला होता खरा, पण कोडमध्ये तो पानाच्या पार तळाशी होता. अख्खी साइट ऐकून संपवल्यावर मी मेनूपाशी पोचले. तेवढ्यात पोरीने तो बंद केला होता. पण बंद केला म्हणजे त्यातल्या लिंका त्यांनी स्क्रीनच्या बाहेर ढकलल्या होत्या, लपवल्या नव्हत्या. डोळसांना दिसत नव्हत्या, मला मात्र एकेक ऐकू येत होती. कादंबरी, चरित्र, बालसाहित्य, पाककृती...

यातलं काहीच अवघड नव्हतं. डिव्हला, म्हणजे कोडमधल्या नुसत्या कोऱ्या चौकटीला, क्लिक चिकटवण्याऐवजी खरं बटण वापरायचं. त्याला 'मेनू' असं नाव द्यायचं. उघडं आहे की मिटलेलं, हे एआरिया-एक्सपांडेड या कोडमधल्या खुणेने सांगायचं. मेनूची यादी कोडमध्ये बटणाच्या लगेच पाठोपाठ ठेवायची. मिटल्यावर डिस्प्ले नन करायचं, म्हणजे ती सगळ्यांसाठीच मिटते.

पण मी तर म्हणेन मेनू मिटवताच कशाला? वाचनालयाला लागतं किती? ग्रंथशोध, वेळ आणि पत्ता, वर्गणी, सूचना, संपर्क. पाच लिंका फोनवरही दोन ओळींत मावतात. लपवायचं काही नाही आणि उघडायचंही काही नाही.

आपोआप फिरणारे फोटो काढून टाका, सत्काराचे असले तरी. मी एक फोटो ऐकत असते तेवढ्यात तो जातो आणि माझी पानावरची जागाच हरवते. ज्यांना हलतं काही बघून गरगरतं त्यांना त्रास होतो. आणि फोनवाल्यांचा डेटा जातो तो वेगळाच. ठेवायचाच हट्ट असेल तर एकच फोटो ठेवा, थांबलेला.

सभासद अर्जात नाव, फोन वगैरे चौकटीच्या आत फिकट अक्षरात लिहायची पद्धत आहे ना, टाइप करायला लागलं की ती अक्षरं पुसली जातात. मग फोन वाजला, दोन मिनिटांनी परत आलो, तर कुठल्या चौकटीत काय भरत होतो ते डोळसांनाही आठवत नाही. चौकटीच्या वर खरं लेबल लिहा, चौकटीला जोडलेलं. फोन नंबरच्या चौकटीला आकड्यांचा कीबोर्ड येऊ द्या. चूक झाली तर नुसती लाल चौकट दाखवू नका, 'मोबाईल क्रमांक दहा अंकी हवा' असं त्याच चौकटीखाली लिहा. आणि चित्रातली वाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा वाचनालयाला कशाला हवा? पुस्तकं चोरायला रोबो येणार आहेत का?

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट: पानाची भाषा. तुमच्या वर्डप्रेसच्या थीममध्ये, म्हणजे तयार साच्यात, अगदी पहिल्या ओळीत लँग म्हणून इंग्रजीचा कोड असेल. तिथे मराठीचा करा. नाहीतर इंग्रजी आवाज देवनागरी वाचायला बसतो आणि एकतर गाळतो नाहीतर भलतंच पुटपुटतो. काही जण तिथे हिंदी लिहून मोकळे होतात. मग हिंदी आवाज मराठी वाचतो आणि 'चमचा' आणि 'जावई' असे काही ऐकू येतात की ऑफिसात मला हसू आवरत नाही.

बाकी फोनवर नीट दिसलं की झालं, हे खरं असतं तर मला मुलीला हाका मारायला लागल्या नसत्या.

---

घाटमाथा:

कानसेनताई, माझं शेवटचं वाक्य मागे. बंद मेनूतल्या लिंका बाहेर ढकलण्याचा प्रकार अजून सर्रास चालतो, कारण त्यात मेनू सरकत आल्यासारखा छान दिसतो. सरकता हवाच असेल तर बंद असताना व्हिजिबिलिटी हिडन द्यावी, दोन्ही साधतं.

आणि खडूफळा, थीमच्या व्ह्यूपोर्ट ओळीत (पान स्क्रीनवर कसं बसवायचं ते सांगणारी ओळ) यूझर-स्केलेबल नो किंवा मॅक्झिमम-स्केल एक असं असेल तर ते आधी उडवा. त्याने चिमटीने मोठं करणं बंद होतं. आयफोनचा सफारी आवृत्ती १० पासून ते जुमानत नाही, पण बाकीच्यांवर विसंबू नका. इनपुटचा फाँट १६ पिक्सेलच्या खाली असला की आयफोनवर चौकटीत टॅप करताच पान एकदम मोठं होतं. ते टाळायला लोक झूमच बंद करतात. त्याऐवजी फाँट १६ करावा.

---

खडूफळा:

ताई, फार उपयोगी. मेनू मिटवायचा नाही हे तर मला सुचलंच नव्हतं. दुकानवाल्यांना तीन रेघा दिसल्या नाहीत तर साइट 'मॉडर्न' वाटत नाही, तीच सवय लागलीय.

दोन गोष्टी अडल्यात. एक, सूचनांचे बॅनर. अध्यक्षांना ते अतिशय प्रिय. फोटोला ऑल्टमध्ये (चित्राला कोडमध्ये जोडलेला मजकूर) वर्णन लिहिलं तर चालेल ना? दोन, ग्रंथयादी. हजारो पुस्तकं आहेत. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकार, उपलब्ध आहे की नाही, असे रकाने. 'उपलब्ध'ला हिरवा ठिपका आणि 'बाहेर'ला लाल, असं ग्रंथपालांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. हे टेबल फोनवर बसवू कसं? आणि जुन्या फाँटाचं काय करू?

---

उकार-वेलांटी:

जुन्या फाँटाचं मी सांगतो, माझा धंदाच अक्षरांचा आहे.

त्या पीडीएफमध्ये मराठी नाहीच, असं समजा. आत रोमन अक्षरं आहेत आणि त्यांच्यावर देवनागरीची चित्रं चढवलीयत. म्हणून कानसेनताईंच्या फोनला ते वाचता येत नाही, गुगलला सापडत नाही आणि फोनमध्ये तो फाँट नसला तर वेबपानावर दिसतही नाही. मूळ एक्सेल मिळवा. नेमका कुठला फाँट आहे ते ओळखून त्याचाच परिवर्तक वापरा, कारण प्रत्येक फाँटाची कळांची मांडणी वेगळी. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांवर नजर टाका. घोळ बहुधा तिथेच असतो.

युनिकोडमध्ये आलं तरी एक खोच उरते. 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक. दिसायला दोन्ही एकच, कॉम्प्युटरला मात्र वेगळे. यादीत एक आणि शोधणाऱ्याच्या फोनवर दुसरा असेल तर 'सापडले नाही'. तेव्हा शोधायच्या आधी दोन्हीकडचा मजकूर एकाच साच्यात आणा. ऱ्हस्व-दीर्घही सैल सोडा. 'चरीत्र' टाकलं तरी 'चरित्र' मिळालं पाहिजे. अंगठ्याने घाईत टाइप करणारे, बोलून टाइप करणारे, डिस्लेक्सिया असलेले, आणि मराठीचे निवृत्त शिक्षक सोडून बाकी सगळे तुम्हाला दुवा देतील.

आता मांडणी. इंग्रजीसाठी बनवलेल्या थीममध्ये मथळ्यांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जादा जागा) असतं. देवनागरीला ते लावलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरं होतात. शून्य करा. ओळींमधलं अंतर इंग्रजी मथळ्याला १.२ पुरतं. आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. मजकुराला १.६ च्या आसपास घ्या, मथळ्यालाही १.४ द्या. बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधू नका. फोनवर कुणी अक्षर मोठं केलं की 'पुढे'चा उकार खालून कापला जातो आणि 'पढे' उरतं. कमीत कमी उंची द्या आणि आत मोकळी जागा सोडा, बटण मग अक्षराबरोबर वाढतं. मापं रेममध्ये, म्हणजे वापरणाऱ्याच्या मूळ अक्षरमापाच्या पटीत.

त्याच मापात देवनागरी इंग्रजीपेक्षा बारीक वाटते, म्हणून मजकूर १८ पिक्सेलपासून सुरू करा. हडकुळ्या वजनाचे (वजन म्हणजे रेघेची जाडी) फाँट आणि पांढऱ्यावर फिकट करडा, ही सध्याची फॅशन. निकष साध्या मजकुराला ४.५ ला १ एवढा फरक मागतो. मोजायला फुकट साधनं आहेत, पण फोन घेऊन भर दुपारी अंगणात उभे राहा, लगेच कळेल. मुक्त परवान्याचे फाँट हवेत तर मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. फक्त लागतील तेवढीच वजनं उतरवा. साधं आणि ठळक, बस. बहुतेक फाँटांत प्रत्येक वजनाची फाइल वेगळी आणि देवनागरीच्या फाइली जाड असतात. फोनवर नेटवर्क मंद असलं की तोवर पान कोरं.

'अ+ अ अ-' ही बटणं मंडळ मागेलच. देऊ नका. ज्याला अक्षर मोठं लागतं त्याने ते आपल्या फोनमध्ये आधीच मोठं करून ठेवलेलं असतं. तुमच्या साइटने ते ऐकलं म्हणजे झालं.

---

पेन्शनर:

मी यातला तज्ज्ञ नाही. कंपवात आहे, हात थरथरतो, एवढीच माझी पात्रता.

बाळा खडूफळा, बटणं मोठी ठेव. शेजारी शेजारी दोन बारीक बटणं असली की मी नेहमी चुकीचं दाबतो. 'नूतनीकरण'च्या खेटून 'रद्द करा' ठेवणाऱ्याला मी काय काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही. जाहिरातीची ती फुली तर माझ्या बोटाच्या दहाव्या हिश्शाएवढी असते. तिच्यावर नेम धरून बसायचं, तेवढ्यात पान हलतं आणि जाहिरात उघडते.

बोट दाबून धरून ओढायला लावू नकोस. ते कोड्याचा तुकडा ओढून खाचेत बसवायचं कुणी शोधून काढलं? आणि अर्ज भरताना मागे घड्याळ लावू नकोस. एक ओळ लिहायला मला तुझ्या पाच ओळींचा वेळ लागतो. पान 'सत्र संपले' म्हणतं आणि सगळं पुसून टाकतं.

वाचनालयाचा फोन नंबर दाबला की थेट लागला पाहिजे. निम्म्या वेळा मला तेवढंच हवं असतं. साइट कशी का असेना, ग्रंथपालबाई फोन उचलतात ना?

---

घाटमाथा:

काका म्हणतात ते आता निकषांतही आहे. डब्ल्यूसीएजीच्या ऑक्टोबर २०२३ मधल्या २.२ आवृत्तीत दोन गोष्टी आल्या. दाबायची जागा कमीत कमी २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल, आणि जिथे ओढावं लागतं तिथे नुसतं टॅप करायचाही पर्याय. पण २४ हे अगदी तळाचं माप आहे. कडक पातळीचा निकष ४४ चा आहे, अ‍ॅपलही ४४ सांगते आणि गुगल अँड्रॉइडला ४८. खडूफळा, ४८ धरून चला आणि बटणांमध्ये बोटभर अंतर सोडा.

---

कानसेन:

काका, त्या घड्याळाचं अगदी खरं. ओटीपी ऐकायचा, लक्षात ठेवायचा, परत चौकट शोधायची, तोवर त्याची मुदत संपते. वाचनालयाने ओटीपीच्या फंदात पडू नये.

खडूफळा, बॅनरबद्दल. ऑल्ट असतो फोटोत काय आहे ते थोडक्यात सांगायला. व्याख्यानाचा विषय, वक्ता, तारीख, वेळ, जागा, प्रवेश मूल्य, सौजन्य, एवढं सगळं त्यात कोंबलं तर मला ते एका दमात ऐकावं लागतं. तारीख पुन्हा ऐकायची तर बहुतेक वेळा पहिल्यापासून. कॉपी करून मैत्रिणीला पाठवता येत नाही. फोनवाल्यांनाही बॅनर छोट्या स्क्रीनवर वाचता येत नाही, चिमटीने मोठं करून इकडून तिकडे सरकवावं लागतं. तेव्हा सूचना मजकुरात लिहा, मथळा देऊन. अध्यक्षांचा बॅनर खाली राहू दे. मजकूर वर आलाच आहे, त्यामुळे बॅनरचा ऑल्ट रिकामा ठेवलात तरी माझी तक्रार नाही. पण रिकामा 'ठेवा', विसरू नका. ऑल्ट लिहिलाच नसेल आणि त्या फोटोवर लिंक असेल, तर एनव्हीडीए लिंकेतलं फाइलचं नाव वाचून दाखवतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंची नावं तुम्हाला माहीतच आहेत.

अध्यक्षांना समजवायला एक वाट आहे. त्यांना म्हणावं, गुगलला बॅनर दिसतो पण त्यातलं व्याख्यान सापडेलच असं नाही. मजकूर असला की गावाचं नाव टाकून शोधणाऱ्याला तुमचा कार्यक्रम मिळतो. अंधांसाठी करा म्हटलं की 'बघू' म्हणतात, गुगलसाठी म्हटलं की लगेच करतात. माझ्या बँकेतला अनुभव.

ग्रंथयादीचं टेबल फोनवर बसवायच्या खटपटीत पडू नका. सगळी पुस्तकं एका पानावर दाखवायचीच कशाला? वर शोधाची चौकट, खाली निकाल. प्रत्येक पुस्तक यादीतली एक नोंद: नाव मथळ्यात, खाली लेखक, मग दाखल क्रमांक, मग स्थिती. मी मथळ्यावरून मथळ्यावर जाते, आवडलं तर थांबते. टेबलच हवं असेल तर खरं टेबल करा, रकान्यांची शीर्षकं शीर्षक म्हणून देऊन. फोनवर ते मोडून कप्पे कप्पे करायला लोक सीएसएसमध्ये टेबलाचा डिस्प्ले ब्लॉक करतात. त्याने काही ब्राउझरांत टेबल टेबलच राहत नाही आणि मला नुसते सुटे शब्द ऐकू येतात.

ठिपक्याच्या जागी शब्द लिहा, 'उपलब्ध' किंवा 'बाहेर'. लाल-हिरवा न ओळखणाऱ्या पुरुष सभासदांची संख्या अंध सभासदांपेक्षा बरीच जास्त असेल. ते बिचारे सांगत नाहीत इतकंच.

निकाल आल्यावर तो आल्याचं मला कळू द्या. 'शोधा' दाबलं की पान न बदलता खाली यादी येते, टॉकबॅक गप्प. एआरिया-लाइव्ह (बदल झाला की बोलायला लावणारी खूण) लावलेल्या एका ओळीत '१४ पुस्तके सापडली' असं लिहा, तो आपणहून बोलतो. पुस्तकं वीस-वीस दाखवा आणि खाली 'पुढील पान' द्या. सरकवत जाल तशी आणखी पुस्तकं येत राहायची ती पद्धत नको. वाचनालयाची वेळ आणि फोन तुम्ही पानाच्या तळाशी टाकणार, आणि तळ कधी येणारच नाही. मग पेन्शनर काकांना नंबर मिळायचा कुठून?

तपासणीचं. लाइटहाउस वगैरे आपोआप तपासणारी साधनं चालवा, ती ऑल्ट नाही, लेबल नाही, रंगात फरक कमी, एवढं पकडतात. मेनू उघडल्यावर मी कुठे असते ते त्यांना कळत नाही. त्यासाठी तुमच्याच फोनवर आवाजाची दोन्ही बटणं काही सेकंद दाबून धरा, टॉकबॅकचा शॉर्टकट सुरू करायचा की नाही ते फोन विचारेल. बंदही तसाच होतो. हे आधी लक्षात ठेवा, नाहीतर फोन बडबडत राहील आणि तुम्ही घाबरून रीस्टार्ट कराल, सगळे करतात. मग स्क्रीनवर रुमाल टाका आणि एक पुस्तक शोधून वाचनालय संध्याकाळी कधी बंद होतं ते सांगा. कॉम्प्युटरवर माउस बाजूला ठेवून नुसत्या टॅबने हेच करा. आणि फोनची अक्षरं सर्वात मोठी करून हेच.

त्याहून बरं म्हणजे तुमच्या अंध सभासदांतल्या जो कुणी फोन वापरतो त्याला बोलवा. घरच्यांना नाही, त्यालाच. त्याच्या हातात फोन द्या आणि तुम्ही मधे बोलू नका. तेवढं फार जड जातं लोकांना.

कच्ची साइट तयार झाली की इथे लिंक टाका, रविवारी बघून सांगते. पासवर्ड लावून ठेवणार असाल तर पासवर्डच्या चौकटीलाही लेबल द्या म्हणजे झालं.